काटा कोणाच्या हाती? अनसिंग ते कारंजा : वऱ्हाडी बाजाराचा विसरलेला वारसा

१/ सुटीचा हंगाम आला की ऐतिहासिक शहरांतील उत्तम बाजारपेठांच्या याद्या फिरू लागतात. तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, क्रॉफर्ड मार्केट ही नावे त्यांत ठरलेली. वाशीम जिल्ह्यातील अनसिंग त्या यादीत कधी नसते. तरीही माझे मत असे आहे की, बाजार या संस्थेचा इतिहास ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने पुण्या-मुंबईआधी अनसिंग, वाशीम आणि कारंजा या वाटेने जावे. कारणे या धाग्यात मांडतो. #धागा #म #इतिहास #वऱ्हाड

२/ आधी गावाची ओळख. अनसिंग हे वाशीम तालुक्यातील मोठे गाव. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. गावाच्या नावाचा संबंध स्थानिक परंपरा शृंगऋषींशी जोडते. वाशीम कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार येथे आहे. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल येथे येतो, त्याचा हर्रास होतो, काटा होतो आणि हिशेबाची पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडते. छायाचित्रासाठी भव्य मंडई शोधणाऱ्याची येथे निराशा होईल. पण या साध्या आवारात घडणाऱ्या प्रत्येक कृतीमागे शतकाहून जुना इतिहास उभा आहे.

३/ आपण बाजारपेठ पाहायला जातो तेव्हा कमानी पाहतो, लाकडी सज्जे पाहतो, जुन्या दुकानांच्या पाट्या वाचतो. हे सारे सुंदरच असते. मात्र बाजार उभा राहतो तो विश्वासाच्या व्यवस्थेवर. माप कोणाचे? भाव कोणी पुकारायचा? तंटा झाला तर निवाडा कोणी करायचा? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या काळी जशी दिली गेली, तसा त्या काळचा बाजार घडला. इमारत हे बाजाराचे शरीर मानले, तर त्याचे चरित्र नियमांत लिहिलेले असते. आणि ते चरित्र वाचण्यासाठी वऱ्हाडाइतका चांगला प्रदेश क्वचितच सापडेल.

४/ एक वर्ष लक्षात ठेवा : १८८६. त्या वर्षी पुण्यात रे मार्केट खुले झाले, म्हणजेच आजची महात्मा फुले मंडई. तिच्या बांधकामावरील खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्या जोतीरावांचेच नाव पुढे तिला मिळाले, हा इतिहासाचा एक विलक्षण योगायोग. त्याच १८८६ साली, आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथील कापसाच्या बाजाराला हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने नियम लागू झाले. भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून कृषी-अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके कारंजाचेच नाव सांगतात.

५/ म्हणजे एकाच वर्षी महाराष्ट्राच्या एका टोकाला एक देखणी वास्तू उभी राहिली आणि दुसऱ्या टोकाला एक कागद निघाला. वास्तू सर्वांना ठाऊक आहे. कागद मात्र स्पर्धा परीक्षेच्या एका गुणापुरता उरला आहे. परंतु देशभरातील हजारो बाजार समित्यांची वंशावळ मागे नेत गेलो, तर ती त्या कागदापाशी पोहोचते. अनसिंगचा उपबाजारही त्याच वंशातला. हा कागद निघण्याची वेळ का आली, हे समजण्यासाठी आपल्याला बरेच मागे, थेट वाकाटकांच्या काळात जावे लागेल.

६/ वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याच्या लेण्यांशी ज्याचे नाव जोडले जाते तो हरिषेण याच शाखेतला. १९३९ मध्ये वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. त्याच्या राज्यकालाच्या ३७ व्या वर्षी, नांदीकट म्हणजे आजच्या नांदेडच्या परिसरातील एक गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. भाषा काही अंशी संस्कृत, काही अंशी प्राकृत. इतिहासप्रेमी या ताम्रपटाकडे राजवंशाचा पुरावा म्हणून पाहतात. बाजाराच्या अभ्यासकाने मात्र अशा दानपत्रांतील सवलतींची यादी वाचावी.

७/ वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावाला अनेक राजहक्कांतून सूट दिलेली आढळते. त्यांत मीठ आणि मद्य यांवरील राजाच्या हक्काचाही उल्लेख येतो. सूट दिली जाते ती मुळात बंधन असते म्हणूनच. म्हणजे इतर गावांना मिठासारख्या रोजच्या वस्तूबाबतही राजसत्तेच्या हक्काखाली वागावे लागत असे. बाजार पूर्वी मुक्त होता आणि पुढे कुणीतरी तो बांधला, अशी एक गोड समजूत आपल्याकडे आहे. हे ताम्रपट ती मोडून काढतात. विनिमयावर सत्तेचा हात फार जुना आहे. तो हात कोणासाठी काम करतो, एवढाच प्रश्न दर युगात नव्याने पडतो.

८/ आता मराठेकाळात येऊ. नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्यांना कौल दिला जाई. काही वर्षे जकात माफ, घरासाठी जागा, संरक्षणाची हमी. पेठेचा कारभार शेटे-महाजन पाहत. बाजाराची घडी बसवणे, व्यापाऱ्यांना आणून वसवणे, व्यवहारातील वाद मिटवणे ही त्यांची कामे आणि त्याबद्दल त्यांना हक्क मिळत. आज आपण ‘जुनी पेठ’ म्हणून ज्या गल्लीत हिंडतो, ती बहुधा अशाच एखाद्या कराराची उरलेली खूण असते.

९/ नागपूरकर भोसल्यांच्या काळात वाशीम हे वऱ्हाडातील कापड विणण्याचे नामांकित केंद्र होते. १७६९ मध्ये थोरले माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. वाशीम व बाळापूर येथे विणलेले पाच हजार रुपयांचे कापड भोसल्यांनी दरसाल पेशव्यांना द्यावे, असे एक कलम त्यात होते. दोन सत्ताधीशांच्या तहात विणकरांच्या गावांची नावे यावीत, यावरून त्या मालाची प्रतिष्ठा कळते. त्यानंतर दहा वर्षांच्या आत भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी वाशीमचे बालाजी मंदिर बांधून पूर्ण केले. आजही शहराची ओळख त्या मंदिराने होते. हातमागांची आठवण मात्र कोणी काढत नाही.

१०/ वाशीमच्या ईशान्येला कारंजा. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही त्याच्या वेशींची नावे. नावेच सांगतात की येथून वाटा कुठे कुठे जात होत्या. १६७० च्या अखेरीस, सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, छत्रपती शिवाजी महाराजांनी कारंजावर स्वारी केली. सोने, रुपे आणि उंची कापड मिळून एक कोटी रुपयांचा ऐवज चार हजार बैल व गाढवांवर लादून नेल्याचा वृत्तांत जदुनाथ सरकार देतात. आकड्यांवर अभ्यासकांनी वाद घालावा. पण सुरतेपाठोपाठ ज्या गावाची निवड झाली, ते गाव व्यापारात काय तोलाचे असेल याची कल्पना यावरून यावी.

११/ कारंजात कस्तुरीच्या हवेलीची कथा सांगितली जाते. उंटांवर कस्तुरी लादून आलेल्या व्यापाऱ्याचा सारा माल येथील एका सावकाराने विकत घेतला आणि घराच्या बांधकामाच्या चुन्यात कालवला, अशी ती आख्यायिका. ती खरी की खोटी, हा मुद्दा बाजूला ठेवा. एखादे गाव स्वतःच्या श्रीमंतीची आठवण राजाच्या मुकुटातून न सांगता एका सौद्यातून सांगते, हे मला अधिक बोलके वाटते. बाजारगावांची दंतकथासुद्धा खरेदी-विक्रीचीच असते.

१२/ हा सारा माल वाहून कोण नेत होते? बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो कोस चालणारे बंजारा, म्हणजेच लमाण तांडे. मोगल फौजा असोत की मराठी, त्यांच्या पोटाची सोय हेच तांडे करीत. पुढे पक्के रस्ते आणि लोहमार्ग झाले, बैलांच्या पाठीवरची वाहतूक संपली आणि तांडे स्थिरावले. वाशीम-यवतमाळच्या टापूत आज ज्या वस्त्यांना तांडा म्हणतात, त्यांच्या मुळाशी बाजाराचा हा इतिहास आहे. बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र पोहरादेवी याच वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. पेठेचा इतिहास लिहिताना शेटे-महाजनांच्या ओळी भरतात, तांड्यांचे नाव गळते. ही गळती थांबली पाहिजे.

१३/ पेठ ही कायमची वस्ती असते, तर आठवडी बाजार ही फिरती पेठ. शेजारच्या गावांचे बाजारचे वार बहुधा वेगवेगळे असतात, कारण तोच कापडवाला, तोच मिरचीवाला, तोच भांडीवाला एका गावातून दुसऱ्या गावी जात असतो. खेड्यातल्या माणसाचा आठवडा पंचांगापेक्षा बाजारावर चालत आला. उधारी फेडायची बाजारच्या दिवशी, सोयरीक ठरवायची बाजारच्या दिवशी, निरोप धाडायचा तोही बाजारच्या दिवशी. मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार, अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार ही गावे तर बाजार हेच आपले आडनाव म्हणून मिरवतात. गावाचे नाव हाही एक दस्तऐवजच असतो.

१४/ मग या जुन्या व्यवस्थेला धक्का कशाने बसला? कापसाने. १८५३ मध्ये निजामाने कंपनीच्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे डोळे लावले. भाव कडाडले. १८६७ पर्यंत मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा खास फाटा आला आणि तो खुला करण्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर राहिले. एका कापूस बाजारासाठी व्हाइसरॉय येतो, याचा अर्थ समजून घ्या.

१५/ युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पण वऱ्हाड कापसाशी बांधले गेले ते गेलेच. दरम्यान नागपुरात १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, मुंबईतही गिरण्या वाढत होत्या. सगळ्यांना स्वच्छ आणि एकजिनसी कापूस हवा होता. बाजारात मात्र गाठोड्यात ओला कापूस, हलक्या जातीची भेसळ, कधी माती-दगडही निघत. ज्याला फसवले गेले तो पुढच्याला फसवी. भावावर विश्वास नसला की मालावरही विश्वास राहत नाही, हा बाजाराचा जुना नियम आहे.

१६/ भाव तरी कसा ठरे? त्या काळच्या अनेक बाजारांत ‘हत्ता’ नावाची रीत चाले. खरेदीदार आणि दलाल यांचे हात एका रुमालाखाली जात. बोटे दाबून आकडा सांगितला जाई. ज्याचा माल, तो शेतकरी समोर उभा असूनही त्याला फक्त रुमाल दिसे. त्यानंतर वजनात कडता, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा कपाती सुरू होत. घरून निघालेला माल आणि पदरात पडलेले पैसे यांत मेळ बसत नसे. मघाशी मांडलेल्या तीन प्रश्नांचे त्या काळचे उत्तर एकच होते : माप, भाव आणि निवाडा, तिन्ही घेणाऱ्याच्या हाती.

१७/ या पार्श्वभूमीवर १८८६ चा आदेश वाचला पाहिजे. वऱ्हाड औपचारिकदृष्ट्या निजामाचा मुलूख आणि कारभार मात्र इंग्रजांचा. म्हणून येथे कायदेमंडळाच्या कायद्याऐवजी हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने काम चाले. या आदेशाने कारंजाचा कापूस बाजार नियमाखाली आला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. बाजाराची जागा जाहीर करायची, समिती नेमायची, दलाल आणि मापारी यांना परवाने द्यायचे, अनधिकृत बाजार भरू द्यायचा नाही, अशी त्याची चौकट होती. आजच्या बाजार समितीचा आराखडा त्यात ओळखू येतो.

१८/ येथे थोडे थांबून एक भाबडेपणा सोडावा लागेल. हे नियम शेतकऱ्याच्या कळवळ्यातून आले नव्हते. गिरण्यांना शुद्ध आणि खात्रीचा कापूस मिळावा, ही त्यामागची मुख्य चिंता होती. १८९७ च्या कायद्यानुसार नेमल्या गेलेल्या समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व राहिले आणि उत्पादकाला पुरेसे स्थान मिळाले नाही, याकडे १९२८ च्या शाही कृषी आयोगाने लक्ष वेधले. नियम झाल्यानंतर दोनच वर्षांत, १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात, हाच वऱ्हाड होरपळला. काट्याला नियम लागला म्हणून भाकरीची हमी मिळाली नाही.

१९/ तरीही तो कागद मोलाचा होता, कारण तो दुधारी निघाला. गिरणीच्या सोयीसाठी का असेना, पण बाजारात कोणी, कुठे आणि कसे वागावे हे सार्वजनिक नियमाने ठरू शकते, एवढी गोष्ट एकदा मान्य झाली. मग त्याच तत्त्वाचा हवाला देऊन उत्पादकाचा हक्क मागता येऊ लागला. १९२७ चा मुंबई प्रांताचा कापूस बाजार कायदा, १९३५ चा मध्यप्रांताचा शेतमाल बाजार कायदा, १९३९ चा मुंबईचा शेतमाल बाजार कायदा, अशा पायऱ्या पुढे बांधल्या गेल्या. परक्यांनी स्वतःसाठी केलेले हत्यार हळूहळू इथल्या माणसाच्या हाती येत गेले.

२०/ स्वातंत्र्यानंतर आणखी एक शांत क्रांती झाली. तिचे नाव किलोग्रॅम. पायली, शेर, मण, खंडी ही नावे सगळीकडे सारखी असली तरी त्यांचे वजन गावागणिक बदले. मुंबईच्या कापूस बाजारात खंडी म्हणजे ७८४ पौंड. दुसऱ्या मालाची खंडी वेगळी, दुसऱ्या गावची आणखी वेगळी. हे गणित व्यापाऱ्याला पाठ असे, शेतकऱ्याला नसे. १९५६ मध्ये प्रमाणित वजन-मापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून देशात दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. गावातल्या एखाद्या जुन्या दुकानात पितळी पायली दिसली, तर तिला नुसती शोभेची वस्तू समजू नका.

२१/ मग आला १९६३ चा महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा. त्याची अंमलबजावणी १९६७ पासून झाली. उघड हर्रास, परवानाधारक अडते, शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींचे बहुमत असलेली समिती, ही आजची ओळखीची रचना त्यातून आली. डिसेंबर १९६३ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणजे अनसिंगवरून जो रस्ता पुढे जातो त्याच मुलखातले, आणि बंजारा समाजातले. ज्यांच्या पूर्वजांचे तांडे शतकानुशतके बाजाराचा माल वाहत होते, त्या समाजाचा माणूस बाजाराचा कायदा अमलात येताना राज्याच्या प्रमुखपदी होता. अशा जुळणीची नोंद इतिहासप्रेमींनी तरी घ्यावी.

२२/ आणि काट्यापाशी उभा असलेला आणखी एक माणूस विसरू नये. तो म्हणजे हमाल. बाजाराचे सारे वैभव त्याच्या पाठीवरून आत-बाहेर होते. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. अंगमेहनतीच्या असंघटित कामाला नोंदणी, मजुरीची हमी आणि कल्याणकारी मंडळ देणारा हा कायदा देशात वेगळा ठरला. पेठेच्या वारसाफेरीत आपण शेठजींचा वाडा दाखवतो, त्यांच्या वखारीतली पोती कोणी उचलली हे सांगत नाही.

२३/ आता आजचा प्रश्न. बाजार पुन्हा बदलतो आहे. वऱ्हाडात कापसाच्या मोठ्या क्षेत्राची जागा सोयाबीनने घेतली. २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि त्याच वर्षी देशात ई-नाम सुरू झाले. २०२० चे तीन केंद्रीय कृषी कायदे आले आणि २०२१ च्या अखेरीस मागे घेतले गेले. खेडा खरेदीत व्यापाऱ्याची गाडी थेट शेतात जाते आणि आवारात न येताच माल उचलला जातो. भाव मोबाइलच्या पडद्यावर दिसतो.

२४/ या बदलांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही. बाजार समित्यांतील राजकारण, मोजक्या खरेदीदारांनी आपसांत ठरवून पाडलेले भाव, आवारात ताटकळणाऱ्या गाड्या या तक्रारी खऱ्या आहेत. घराजवळ माल विकला गेला तर भाडे वाचते, हेही खरे. जुनी संस्था केवळ जुनी आहे म्हणून पूजावी, असे इतिहास शिकवत नाही. १८९७ च्या समित्यांचे उदाहरण तर नेमके उलटेच शिकवते. संस्था कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारल्याशिवाय तिचे गुणगान करू नये.

२५/ पण इतिहास आणखीही एक गोष्ट शिकवतो. रुमालाखालचा भाव उघड्यावर आणण्यासाठी पिढ्या खर्ची पडल्या. चार माणसांसमोर पुकारलेला भाव, सगळ्यांना दिसेल असा काटा आणि हातात पडणारी लेखी पट्टी या तीन गोष्टी आपोआप जन्मल्या नाहीत. त्या मिळवाव्या लागल्या. आवार राहो वा जावो, या तीन गोष्टी राहिल्या पाहिजेत. शेतात झालेल्या सौद्याला साक्षीदार नसतो. पडद्यावरच्या भावामागे कोण आहे ते दिसत नाही. रुमाल कापडाचाच असतो असे नाही. हे माझे मत आहे आणि ते वऱ्हाडच्या इतिहासातूनच बनलेले आहे.

२६/ दुसरी चिंता वारशाची. किल्ल्यांसाठी आपण मोहिमा काढतो, वाडे पाडले तर हळहळतो. जुन्या बाजार समित्यांची दप्तरे, हर्राशीच्या वह्या, अडत्यांच्या रोजमेळाच्या चोपड्या, जुनी वजने यांसाठी कोणी हळहळताना दिसत नाही. वखार पाडून व्यापारी संकुल उभे राहते, तेव्हा चोपड्या रद्दीत जातात. कारंजासारख्या गावात भारतातील नियंत्रित बाजाराचे एक छोटे संग्रहालय असावे, ही मागणी मला मुळीच अवास्तव वाटत नाही. एका खोलीत काटा, वजने, हत्त्याचा रुमाल आणि १८८६-१८९७ च्या नियमांच्या प्रती एवढे मांडले तरी पुरे.

२७/ ज्यांना प्रत्यक्ष जायचे आहे, त्यांच्यासाठी एक वाट. वाशीमला बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ पाहा, मग जुन्या वस्तीत विणकरांच्या खुणा विचारा. अनसिंगला हंगामात, म्हणजे सोयाबीन किंवा तुरीची आवक सुरू असताना जा आणि हर्रास सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. शेलूबाजार वाटेत घ्या. गावाच्या नावातला बाजार आता महामार्गांच्या काळात कसा बदलतो आहे, ते पाहा. शेवटी कारंजा : वेशी, जैन मंदिरे, गुरुमंदिर, जुन्या हवेल्या आणि मग कापसाचा बाजार. मूर्तिजापूर-यवतमाळची अरुंद रूळमार्गाची शकुंतला येथूनच कापूस नेत असे. तिचे रूळही पाहून घ्या.

२८/ सोबत वही ठेवा आणि चार प्रश्न विचारा. या गावाचा बाजारचा वार कोणता आणि तो कधी बदलला का? पूर्वी माप कोणते होते? भाव कसा ठरे? माल कोण वाहून आणी? उत्तरे द्यायला म्हातारे हमाल, मापारी, बाजारात बसणाऱ्या आजीबाई आणि तांड्यावरची मंडळी शोधा. शेठजींचा इतिहास कुठेतरी लिहिलेला सापडेल, यांचा सापडणार नाही. ऐकलेले ज्याच्याकडून ऐकले त्याच्या परवानगीने आणि तारखेसह टिपा. तारीख नसलेली आठवण पुढच्या अभ्यासकाच्या कामी येत नाही.

२९/ थोडक्यात : वत्सगुल्मच्या काळात राजाचा हक्क, पेठेत शेटे-महाजनांचा निवाडा, कापसाच्या तेजीत रुमालाखालची बोटे, १८८६ मध्ये गिरण्यांसाठी आलेला नियम आणि त्यातून हळूहळू शेतकऱ्याने मिळवलेला उघडा भाव. दीड हजार वर्षांहून अधिक काळाचा हा प्रवास एका जिल्ह्यात पाहता येतो आणि त्याचे ताजे पान अनसिंगच्या उपबाजारात रोज लिहिले जात आहे. पुढच्या वेळी कुठल्याही बाजारात शिराल, तेव्हा कमानीकडे अवश्य पाहा. त्यानंतर काटा कुठे ठेवला आहे आणि त्याचा आकडा कोणाला दिसतो आहे, तेही पाहा.

३०/ तुमच्या गावाचा किंवा आजोळचा बाजारचा वार कोणता? तिथली जुनी मापे, हर्राशीच्या हाळ्या, पेठेची जुनी नावे आठवत असतील तर खाली लिहा. वऱ्हाडातील वाचकांनी विशेषतः लिहावे. धागा उपयोगी वाटला तर इतिहासवेड्या मित्रांपर्यंत पोहोचवा. #वाशीम #अनसिंग #कारंजा #बाजारपेठ